फक्त तळ निवडायचा राहिलाय

बूट पडद्यावर उलटा झाला आणि तसाच अडकला... इथून सगळं सुरू झालं.

दुपारी मोबाईलवर मी माझा बूट रंगवत बसले होते. त्या दुकानाची रीतच तशी. एक कोरा पांढरा बूट समोर येतो, बोटाने तो गरगर फिरवायचा आणि पुढचा भाग असा, टाच तशी, नाडी अमुक रंगाची, असं आपलं आपण ठरवायचं. इस्कंदरियातली तीन मुलं मग तो शिवतात. मी टाचेला पिकल्या जर्दाळूचा रंग दिला, बुटाची जीभ निळी केली आणि हरखून बोट जरा जोरात सरकवलं. बूट उताणा! तळ वर, थेट आभाळाकडे. आणि नेमका तेव्हाच पडदा गोठला.

आमच्या तांता शहरात चप्पल-बूट उताणं पडलेलं कुणी ओलांडून जात नाही. जेवण चालू असो की भांडण, आधी उठून ते सरळ करायचं. वर जो बसलाय त्याला तळ दाखवायचा नसतो. आईने माझ्या खांद्यावरून डोकावलं मात्र –

"रिहाब! आधी सरळ कर ते!"

"होत नाहीये गं, आई."

"होत नाही म्हणजे? उरूस तोंडावर आलाय, तुझे बाबा तिकडे गळ्यासाठी गुळण्या करतायत, आणि तू इथे अल्लाहला बूट दाखवतेस? बंद कर तो फोन!"

"बंद केला तरी आत तो उलटाच राहील ना?"

 आई घाबरली आणि तिला पाहून मीही. शेवटी मदतीचं बटण दाबून लिहिलं, "सलाम आलेकुम. माझा बूट उलटा अडकलाय. कृपा करून लवकर सरळ करा."

"व आलेकुम सलाम," पलीकडून उत्तर आलं. "पायात अडकलाय का?"

"नाही हो, पडद्यावर."

"मग एवढी घाई?"

"आई मागे उभी आहे."

"समजलं. मलाही आई आहे. थांबा, इथून फिरवतो."

आणि माझ्या हातातला बूट सावकाश वळला... झोपलेल्या बाळाची कूस कुणी हलकेच बदलावी तसा. आईने छातीवरचा हात काढला.

"झाला सरळ. एक विचारू? टाचेचा हा रंग कुणी निवडला?"

"मी. का, वाईट आहे?"

"सात महिन्यांत काळ्या-पांढऱ्याशिवाय इथे कुणी काही मागितलं नाही. म्हणून विचारलं. माझं नाव हातिम. हा जोड मीच शिवणार."

आता जे मी त्याला सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. नऊ वर्षांची असताना कबुतरांच्या मागे धावताना मी गच्चीवरून पडले. तेव्हापासून माझा डावा पाय दोन बोटं आखूड आहे. त्या पायात मी जाड तळाचा काळा बूट घालते, लोखंडासारखा जड. खट्-टप, खट्-टप... आमची गल्ली मला चेहऱ्याआधी आवाजाने ओळखते. लोक मान वळवतात, मग डोळे मऊ होतात आणि ओठांवर तो शब्द येतो – बिचारी. माझे बाबा शेख तौफीक उरुसात प्रवचन गातात. हजारो माणसं डोलतात. मी मात्र चौदा वर्षं ते गच्चीवरूनच ऐकत आले. यंदा रंगीत बूट घालून, सगळ्यांसारखी चालत जाऊन, पुढे बसून ऐकायचं होतं. एवढंच मनात होतं.

त्या संवादात माझ्या पायांचा आवाज येत नव्हता. म्हणूनच मी बोलत राहिले.

"नाडी कशी हवी?" तो विचारायचा.

"डाळिंबी."

"जर्दाळू, डाळिंब... बूट शिवतोय की फळांचं दुकान मांडतोय?"

"भूक लागली असेल तर आमच्याकडचे फुटाणे पाठवते."

"फुटाणे नकोत. तुम्ही रोज एखादा रंग बदलत जा, म्हणजे झालं."

आणि मी बदलायचे! चांगला निवडलेला रंग सकाळी मोडायचे, संध्याकाळी पुन्हा तोच ठेवायचे. त्याला कळत होतं. मला कळत होतं की त्याला कळतंय... पण प्रत्येक संवादाच्या शेवटी त्याची एक ओळ ठरलेली असायची – "फक्त तळ निवडायचा राहिलाय. तळाशिवाय शिवायला कसा घेऊ?"

तळ निवडायचा तर सांगावं लागणार होतं. डावा जाड, उजवा साधा. मग त्याचे डोळेही मऊ होतील, तो गंमत करणं सोडेल, 'काळजी घ्या' असं लिहायला लागेल... मग मी पुन्हा नाडीचाच रंग बदलायचे.

एक दिवस त्याने लिहिलं, "आईचा नवस आहे. उरुसाला तिला घेऊन तांताला येतोय. बूट मीच आणून दिले तर... चालेल?"

मी लगेच फोन उशीखाली सारला, जणू तो तिथून मला बघत होता. माझी धाकटी बहीण इन्जी शेजारी तिळाच्या वड्या मोडत बसली होती.

"सांगून टाक ना, आपा."

"सांगितलं तर बिचारी म्हणेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"उभी राहिले की कळेलच."

"म्हणजे दोन्हीकडून तेच. मग आधीच सांग, निदान बूट तरी मापाचा येईल!" असं म्हणून तिने वडी तोंडात टाकली. सतरा वर्षांच्या मुलीला सगळंच सोपं असतं.

पलीकडच्या खोलीत बाबा उरुसासाठी लंगड्या मुंगीची कथा घोळवत होते. ती त्यांनीच रचलेली. सुलेमान नबींचं सैन्य येतंय म्हणून सगळ्या मुंग्या बिळात पळाल्या, एक लंगडी मागे राहिली... आणि नबींची नजर पडली ती तिच्यावरच. लहानपणी ही कथा ऐकली की मला राग यायचा. कुणाची नजर आपल्यावर पडावी असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्या दिवशी बाबांचा आवाज वर चढला आणि मी दाराशी जाऊन ऐकत राहिले. कुणाची तरी पडावी, असं मला वाटू लागलं होतं... आणि त्याचीच तर भीती वाटत होती.

आई पाव आणायला खाली गेली. मी बोट ठेवलं आणि आपल्या हाताने, जाणूनबुजून, बूट उताणा केला. या रब, माफ कर, दोनच मिनिटं! आणि भराभर लिहिलं – "डावा तळ अडीच सेंटिमीटर जाड. मी लंगडते. आता तुम्हाला माहीत झालं. उत्तर नसेल द्यायचं तर बूट पोस्टाने पाठवा." पाठवलं. बूट सरळ केला. मग हात मांडीखाली दाबून बसले.

त्याने वाचल्याची खूण लगेच उमटली.

उत्तर नाही. एक दिवस. दोन. पाच! मी शंभरदा तो पडदा उघडला. जर्दाळूची टाच जिथल्या तिथे, त्याची ओळ मात्र नाही. रोज 'काळजी घ्या' येईल म्हणून भीत होते, आता तेवढं तरी येऊ दे म्हणून वाट बघत होते.

सहाव्या दिवशी, दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर, मी सज्जात उभी होते. गल्ली उरुसाच्या माणसांनी फुलली होती. त्या गर्दीतून काखेत खोकं धरलेला एक उंच मुलगा येत होता, बरोबर काळ्या पोशाखातली एक बाई.

मुलगा लंगडत होता. डाव्या पायाने. खट्-टप, खट्-टप... थेट माझ्यासारखा.

खोकं, बरोबर आई... हा हातिमच. नक्कल! माझी नक्कल करतोय, भर गल्लीत! मी आत पळाले, दाराआड भिंतीला पाठ लावून उभी राहिले. इन्जीने दार उघडलं.

"आत ये बाई, आत ये," आई त्या बाईला म्हणाली. "आणि मुलाला बसव. पायाला लागलंय का त्याच्या?"

"मला तरी कुठे ठाऊक!" बाईने कपाळावर हात मारला. "सहा दिवस हा असाच चालतोय. विचारलं तर हसतो. आले होते एक नवस फेडायला, आता याच्या पायासाठी दुसरा बोलावा लागतो की काय!"

"उम्मी... थांब ना जरा." हा त्याचा आवाज. पहिल्यांदाच ऐकत होते. लिहिण्यापेक्षा हळू, अडखळणारा. "रिहाब घरात आहेत का?"

मी बाहेर आले. माझ्या काळ्या बुटात, त्याच आवाजासकट. खट्-टप. आणि जीव मुठीत धरून त्याच्याकडे पाहिलं.

त्याचे डोळे मऊ झाले नाहीत. ते माझ्या पायांकडे गेले – सुतार लाकडाकडे बघतो तसे – आणि मग चेहऱ्यावर आले, ते तिथेच राहिले.

"हे असं का चालताय?" माझा आवाज चिरकला. "माझी थट्टा?"

तो लाजेने लालबुंद झाला. "थट्टा?... नाही, नाही! अहो, तुमचा तळ आहे हा. माझ्या मापाचा करून घातलाय." त्याने डावा पाय पुढे केला. बूट खरोखरच अडीच सेंटिमीटर उंच होता. "पहिला केला तो टाचेत कलायचा. दुसरा जड झाला. चौथा जमला. चालून बघितल्याशिवाय कळणार कसं? स्टेशनवरून येताना बदलायचा होता... विसरलो."

"आणि उत्तर?"

"लिहायला घेतलं की 'काही हरकत नाही' असलंच काहीतरी यायचं. तुम्ही चिडला असतात. म्हटलं, आधी चालावं. मग बोलावं."

इन्जीला कुठला धीर! तिने खोक्याचं झाकण उघडलं, आणि डावा बूट टुणकन उडून फरशीवर पडला. उताणा.

"आधी सरळ करा!" दोन्ही आया एकदमच ओरडल्या. मी वाकले, तोही वाकला. जर्दाळूच्या टाचेखाली त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... आणि बूट सरळ व्हायला जरा जास्तच वेळ लागला.

त्याने जाडी लपवली नव्हती. डाव्या तळाला तिळाच्या वडीसारखे सोनेरी थर दिले होते, एकावर एक, मुद्दाम दिसतील असे. उजव्यालाही तसेच, फक्त कमी. मी घातले. उभी राहिले. खोली पहिल्यांदा सरळ दिसली.

"मी फार घाबरलो होतो," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही? कशाला?"

"पोस्टाने पाठवा म्हणालात. इथला पोस्टमन तरुण असला तर?"

मी हसले. सहा दिवसांनी हसले.

मग आम्ही बाबांचं गाणं ऐकायला निघालो. मी, तो, आणि दहा पावलं मागे आई, त्याची उम्मी आणि वड्या खाणारी इन्जी. दर्ग्याकडून बाबांचा आवाज येत होता. मुंग्या बिळात पळाल्या होत्या. माझं पाऊल वाजत नव्हतं. त्याचं वाजत होतं, आपला बूट त्याने बदललाच नव्हता. माना वळल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्या माझ्याकडे वळल्या नाहीत.

"कोण गं हा?" उंबऱ्यावर बसलेल्या शेजारच्या उम्म फारिस कळवळल्या. "किती देखणा मुलगा... बिचारा! काय झालं रे पायाला?"

ज्या शब्दाला मी चौदा वर्षं भीत आले, तो असा त्याच्या डोक्यावर येऊन पडला. मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं. त्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

"लागलंय, खाला. बरं होईलसं वाटत नाही." हे बोलताना तो बघत होता माझ्याकडे.

मी खाली मान घालून चार पावलं पुढे गेले. मागून आवाज आला, खट्-टप... मी थांबले. जे आजवर सगळ्यांनी मला विचारलं आणि मी कधीच कुणाला विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"हातिम... तुझ्यासाठी हळू चालू का?"