रिकामी गाडी थांबली नाई

कंदील बारीक करा रे पोरंहो, अन् जवळ सरका. हे आयकीव नाई. माह्या सोबत्यासंग झालेलं हाय.

जब्बार दारव्ह्याचा, ट्रक चालवे. एकसष्टच्या हिवाळ्यात घाटंजीहून कापसाच्या गठाणी घेऊन तो यवतमाळले निघाला. दोन खेपांचा माल एकाच खेपेत लादलता. घरी लवकर जायचं होतं, बाकी काई नाई. उताराले गाडीनं वेग धरला. वळणावर तिथल्याच गावातल्या श्रावणची बायको पंचफुला डोईवर सरपणाचा भारा घेऊन रस्ता ओलांडून राह्यली होती. जब्बार ब्रेकवर उभाच राह्यला. ब्रेकानं चाकं धरली, धूर निघाला. पण मागचं एवढं वजन एकदा धावलं, ते कायले आयकते? गाडी लोटतच गेली... पंचफुला जागीच गेली.

लोकाईसमोर जब्बार बोलला, "ब्रेक फेल झालते."

श्रावणनं त्याच्यापुढं हात जोडले. "मंग तुमचा काय दोष, भाऊ."

त्या दिवसापासून जब्बारले घास गोड लागेना.

मंग आली पौषातली अमावस्या. घाटंजीले माल भेटला नाई, तं रातीच रिकामी गाडी घेऊन तो निघाला. तोच उतार. हलकी गाडी, पाय टेकवला की थांबणारी. तरी हळूच उतरून राह्यलता.

वळणावर बाई उभी, डोईवर सरपणाचा भारा.

त्यानं ब्रेक दाबला.

गाडी थांबेना.

मागं काईच नोहतं. पण मागून लोटून राह्यलं होतं... जड... भरल्या गाडीसारखं...

बाई हलली नाई. नुसती पाहे.

गाडी थांबली, तवा ती जागा कुठच्या कुठं मागं राह्यलती. खाली उतरला. रस्ता मोकळा.

जब्बारनं गाडी तिथंच सोडली. पायीच गावात गेला, श्रावणचं कवाड वाजवलं.

"ब्रेक चांगले होते, श्रावणदादा. माल जास्त होता. मीच लादलता."

श्रावणनं कवाड अर्धं लोटलं.

"हे तवाच सांगतलं असतं, तं म्या तुह्यापुढं हात नसते जोडले." कवाड लागलं.

सकाळी मी अन् जब्बार गाडी आणाले गेलो. मी वाकून पाह्यलं. मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे पार सपाट दबलेले. माल लादल्यावर दबतात, तसे.

मी वर चढून पाह्यलं.

ट्रक रिकामा होता.