बाईंना विचार

इंटरनेटवरची वाईट पानं अडवणारं फिल्टरचं यंत्र जळालं, तेव्हा नवीन येईपर्यंत संगणक खोलीला कुलूप लावा, असं हेडसरांनी सांगितलं. संगणकाच्या बाईंनी खोली उघडी ठेवायचा हट्ट धरला. फिल्टर होता तेव्हा विज्ञानाच्या धड्यातलं गर्भाशयाचं चित्रसुद्धा उघडायचं नाही, आणि नको ते मात्र आडवाटेने यायचंच. मी खोलीत असेन, त्या म्हणाल्या. सर कुरकुरत कबूल झाले.

दुपारी नववीचा तास होता. पंखे घरघरत होते, कीबोर्डवर उन्हाच्या तिरिपी पडल्या होत्या. बाई रांगांमधून फिरत असताना ढोल्याने हात वर केला. त्याच्या स्क्रीनवर कोऱ्या पांढऱ्या पानावर दोनच शब्द होते. 'बाईंना विचार.'

काय शोधत होतास, असं विचारल्यावर त्याचे कान लाल झाले. आवाज का फुटतो, एवढंच त्याला हवं होतं. बाईंनी त्याच्याच खुर्चीत बसून तेच शब्द टाइप केले. पानं भराभर उघडली. ढोल्याने पुन्हा टाइप केले, तर पुन्हा ते पांढरं पान.

कुणीतरी चेष्टा करतंय, असं समजून बाईंनी कोपऱ्यातलं जळालेलं फिल्टरचं यंत्र पाहिलं. वायर सुटून लोंबत होती. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि विचार करू लागल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून मनी उठली. वर्षभरात ती आपणहून एक शब्द बोलली नव्हती. ती सरळ बाईंकडे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाई, बाहेर येता?"

"का गं?"

"माझ्या स्क्रीनवर लिहिलंय. बाई खिडकीशी आहेत, त्यांना बाहेर बोलाव, सगळ्यांदेखत सांगू नकोस."

बाईंच्या अंगावर काटा आला. व्हरांड्यात मनीने सगळं सांगितलं. फोनवर ओळख झालेल्या माणसाने तिचे फोटो मागून घेतले होते. आता तो आज शाळा सुटल्यावर स्टँडवर भेटायला ये म्हणत होता, नाहीतर फोटो सगळ्यांना पाठवीन म्हणून. ती जाणार होती. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि तिथूनच तिच्या आईला फोन लावला. आई म्हणाली, निघालेच.

मनीचा हात धरून बाई आत आल्या, आणि दारातच थबकल्या.

अख्खा वर्ग त्यांच्या टेबलापुढे रांगेत उभा होता.

कुणी ढकलत नव्हतं. प्रत्येक स्क्रीन पांढरी होती, तिच्यावर तेच दोन शब्द. इतकी वर्षं शिकवूनही आपण या पोरांना काहीच विचारलं नव्हतं, हे बाईंना एकदम जाणवलं, आणि भीतीच्या जागी छातीत काहीतरी मोठं भरून आलं. त्या खुर्चीवर बसल्या.

"बोल," त्या पहिल्या मुलीला म्हणाल्या.

रांग हळूहळू सरकत राहिली. घंटा झाली, तरी कुणी हललं नाही.

शेवटचं पोर डोळे पुसून बाजूला झालं. त्याच्या मागे हेडसर उभे होते.

ते आपल्या खोलीतून कधी आले, कुणाला कळलं नव्हतं. चष्मा हातात होता.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "माझी स्क्रीन मलाही 'बाईंना विचार' म्हणतेय."