पुढे ये म्हणालो, तो आला

ज्यांना या थापा वाटतील त्यांनी इथूनच मागे फिरावं. मला वाद घालायचा नाही.

जानेवारीतला रविवार. तळोजा एमआयडीसी. कंपन्या बंद, रस्ता मोकळा, सूर्य नुकताच बुडालेला.

मी आणि संघर्ष सायकलचा सराव करत होतो. आमच्या क्लबच्या रेस टीममध्ये एकच जागा उरली होती आणि ती मला हवी होती. संघर्षचा मला राग यायचा, उगाच लपवत नाही. अंगात माझ्याएवढा जोर नाही, पण पठ्ठ्या चलाख. कायम माझ्या मागच्या चाकाला चिकटून यायचा. पुढचा वारा कापतो, मागच्याचे पाय वाचतात. आयत्या बिळावर नागोबा!

त्या दिवशीही तेच. मागे चेनची करकर... अगदी मानेवर येणारा श्वास...

पुढचा दमला की त्याने कोपर हलवायचं, मग मागच्याने पुढे येऊन वारा घ्यायचा. ही आमची रीत. मी उजवं कोपर हलवलं.

कोणी आलं नाही.

पुन्हा हलवलं. तरी नाही.

माझं डोकं सटकलं. "फुकट्या, ये ना पुढे! दम असेल तर ये!"

करकर थांबली.

उजवीकडून काहीतरी सरकत गेलं... गार.

पुढे रस्ता रिकामाच होता. पण तोंडावरचा वारा एकदम बंद झाला.

पाय किती जोर लावतायत ते हँडलवरच्या मीटरवर वॅटमध्ये दिसतं. तो आकडा भराभर खाली आला... वेग मात्र तेवढाच.

तेवढ्यात कानातल्या इयरफोनमध्ये फोन वाजला.

"अश्विन, कुठे गेलास रे? मी पंक्चर होऊन कधीचा टपरीपाशी उभा हाय. किती बोंबललो तुला!"

संघर्षचा आवाज.

मी पाय थांबवले. वेग कमी होईना. ब्रेक दाबले... तरी नाही. मान वर करून बघायला गेलो, मान उचलेना. खरं सांगतो, मी आईला हाका मारल्या.

एका स्पीडब्रेकरवर चाक उडालं आणि मी आपटलो. हात मोडला, पण सुटलो.

जागा संघर्षला मिळाली. त्याला सगळं सांगितलं, तर फिसकन हसला. "जळतोस तू. हरलास म्हणून भुताच्या नावाने बिल फाडतो काय?"

आज संध्याकाळी त्याचा फोन आला. त्याच रस्त्यावरून, एकदम खुशीत.

"एकटाच आलोय रे. काय भारी पळतेय सायकल! जोरच लागत नाय. वारा पण नाय."

मी ओरडलो, "संघर्ष, ब्रेक मार!"

फोनमधून ब्रेक दाबल्याची कटकट ऐकू आली... एकदा, दोनदा...

"मारतोय रे," तो म्हणाला.

फोन कट झाला. तो अजून घरी आलेला नाही. त्याची बहीण सोनम मला सारखी फोन करतेय आणि मी उचलत नाही. काय सांगू तिला?

तळोज्याकडे कोणी राहत असेल तर बघा. निळी जर्सी, पांढरं हेल्मेट. दिसला तर हाका मारा, गाडी आडवी घाला, काहीही करा.

पण त्याच्या मागे सायकल लावू नका.