सिस्टरबाईंच्या हातातली माळ

सिस्टर फिलोमिना यांनी आपल्या अंत्यविधीचं बोलावणं मरणाआधी आठ दिवस स्वतःच पोस्टात टाकलं होतं. जालन्याच्या खासगी गुप्तहेर नीला सेलूकर ते पर्समध्ये घालून तीर्थपुरीजवळच्या मिशनात आल्या. गाडी चालवायला मावसभाऊ अवधूत होता. पत्रात काय आहे, हे त्यानं वाटेत दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नीलाताई खिडकीबाहेरचा कापूस बघत राहिल्या.

एक्केचाळीस वर्षं सिस्टरबाईंनी इथला दवाखाना चालवला. निम्मा गाव त्यांच्या हातावर जन्मलेला, त्यामुळे मिशनात पाय ठेवायला जागा नव्हती.

पेटी झाकायची वेळ आली आणि दैवशाला जागच्या जागी थिजली.

"पाकीट गेलं," ती म्हणाली.

दैवशाला इथलीच नर्स. ती चार वर्षांची असताना तिची आई सोनूबाई जळून मेली. स्टोव्हचा भडका, असं पोलिसांच्या कागदावर आलं. पण मरताना सोनूबाई सिस्टरबाईंच्या कानात काहीतरी बोलली होती. गेल्या महिन्यात सिस्टरबाईंनी चारचौघांत सांगितलं, "नाव लिहून ठेवते. पाकीट माझ्या हाताखाली ठेवा. शेवटची प्रार्थना झाली की दैवशाला सगळ्यांसमोर वाचेल."

"कोणी घेतलं ते मला ठाऊक हाय," दैवशाला नीलाताईंना म्हणाली. "त्या कडूबानं. बाप म्हणत न्हाई मी त्याला. अठ्ठावीस वर्षं आजच्या दिसाची वाट बघून राह्यले. मला शांती नको ताई, सूड पाहिजे."

नीलाताई पेटीवर वाकल्या. अवधूतही वाकला. सिस्टरबाईंच्या उजव्या हातातली जपमाळ मधल्या बोटावर लोंबत होती आणि अंगठ्याशेजारचं बोट एकटंच बाहेर राहिलं होतं. आता उठून कोणाला तरी दम देतील, असं अवधूतला उगाच वाटलं.

"माळ अशीच होती?" नीलाताईंनी विचारलं.

"न्हाई, मी चारी बोटांना घट्ट गुंडाळल्ती," दैवशाला म्हणाली.

फादरची जीप आली तेव्हा सगळे फाटकाकडे धावले होते. पेटी एकटी राहिली ती तेवढीच पाच मिनिटं.

कडूबा फाटकाबाहेर लिंबाखाली उकिडवा बसला होता. "मी आत आलोच न्हाई. पोरीनं मना केल्तं," तो म्हणाला. मान काही त्यानं वर केली नाही.

त्याचा थोरला भाऊ अण्णासाहेब म्हणजे गावातला वजनदार माणूस. नेमानं जांब समर्थच्या देवळात जाणारा. गळ्यापर्यंत गुंड्या, मनगटापर्यंत बाह्या, हातात तुळशीची माळ. अंगठ्यानं मणी ओढत आणि एक बोट ताठ धरून तो अवधूतला दरडावल्यासारखा बोलला, "मी नळावर हातपाय धुवत व्हतो. माझा भाऊ असंल तरी सांगतो, बिलकुल सोडू नका त्याला."

त्याची बायको गिरिजाबाई मात्र सरळ म्हणाली, "मी आत गेल्ते. फुलं वाहिली अन् निघाले. पाकीट तव्हा व्हतं."

"हीच," अवधूत कुजबुजला. "आत गेल्याचं कबूलच करते."

"चोर इतका सोयीचा नसतो रे," नीलाताई म्हणाल्या आणि नवरा-बायकोला पेटीपाशी घेऊन आल्या. मागोमाग गाव आला.

"पाकीट काढायला हात उचलावा लागला आणि माळ सुटली," त्यांनी सुरुवात केली. "चोरानं ती परत घातली, पण आपल्या सवयीनं. मधल्या बोटावर घेतली आणि तर्जनी बाहेर ठेवली. ख्रिस्ती माणसांत असा नेम नाही. आपल्याकडे जप करणारा मात्र तर्जनी माळेला लागू देत नाही. अण्णासाहेब, चोरी करतानाही तुमच्या हातानं सोवळं सोडलं नाही. आत्ताही तुमचं बोट बघा."

सगळ्यांनी बघितलं. अण्णासाहेबानं माळ मुठीत दाबली. "बोटावरून खुनी ठरवता काय, बाई?"

"बोटावरून चोर ठरवला. खुनी सिस्टरबाईंनी ठरवलाय." नीलाताईंनी पर्समधलं पत्र उलगडलं. "त्या लिहितात, पाकिटात नाव आहे, अण्णासाहेब."

"झूट हाय. त्या कागदावर एक अक्षर न्हाई. कोरा हाय त्यो."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. तोवर गावालाही कळलं होतं.

नीलाताईंनी पत्र अवधूतच्या हातात दिलं आणि वाच म्हणाल्या. त्यानं वाचलं. "सोनूबाई एवढंच म्हणाली, घरातल्याच माणसानं मागून रॉकेल ओतलं, तोंड दिसलं नाही. जमादारानं नाव नाही म्हणून ते लिहून घेतलं नाही. मला नाव ठाऊक नाही. पाकिटात कोरा कागद आहे. ज्याला भीती असेल तो घेईल. तुम्ही फक्त बघा."

तेव्हा गिरिजाबाई पुढे झाली. तिनं नवऱ्याच्या उजव्या बाहीची गुंडी काढली आणि बाही वर सारली. कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता.

"त्याच दिसाचा हाय," ती म्हणाली. "चुलीवर भाजलं म्हणले. मीच तूप लावलं अन् गप राह्यले. पोलिसांना बोलवा. मी जबाब देते."

अवधूतनं फोन काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काय करायचं ते सांगावं लागलं नाही.

पेटी खड्ड्यात उतरली. दैवशाला फाटकापाशी गेली आणि कडूबाचा हात धरून त्याला आत घेऊन आली. "बाबा, पहिली मूठ तुमची," ती म्हणाली.

मग सगळ्यांनी माती दिली. पोलीस येईस्तोवर गावानं रोखून धरलेला अण्णासाहेबही सवयीनं वाकला, तशी दैवशाला आडवी आली. तिनं स्वतः एक मूठ उचलली आणि ओढणीच्या टोकाला गच्च गाठ मारून बांधली.

"ही तुमची," ती म्हणाली. "जपून ठिवते. जेलातून याल तव्हा देईन."