दाराला पाठ लावून

सुट्टीचा दिवस होता आणि बाई पेशींना जेवू घालायला निघाल्या होत्या.

"घरात नवरा उपाशी, आणि तू निघालीस त्यांची पंगत वाढायला," नवरा पेपराआडून म्हणाला. तो कॉलेजात गणित शिकवायचा आणि स्वयंपाकघरात चहापलीकडे त्याचा हिशोब जात नसे.

"तू निदान ओरडून मागतोस. त्यांना तोंड कुठेय?" असं म्हणत बाईंनी चपला घातल्या. "चारपर्यंत येते."

बाई कॅन्सरच्या सर्जन. तेव्हा वय सदतीस. सकाळ ऑपरेशन थिएटरमध्ये जायची, दुपार विद्यार्थ्यांत, आणि उरलेला सगळा जीव हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या एका अरुंद खोलीत अडकलेला. कापून काढलेली गाठ इतर सर्जन बरणीत घालून तपासणीला पाठवत आणि विसरून जात. बाई तिच्यातला एक तुकडा मागून घेत. रोग्याच्याच पांढऱ्या पेशी, गाठीशी लढायला आत घुसलेल्या आणि तिथेच दमून बसलेल्या, त्या तुकड्यात सापडतात. त्या वेगळ्या करायच्या, खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करायच्या, मूठभर असतील त्यांच्या अब्जावधी करायच्या आणि परत त्याच माणसाच्या रक्तात सोडायच्या, असा बाईंचा खटाटोप होता.

"सर्जननं कापावं, शिजवत बसू नये," विभागप्रमुख म्हणायचे. पहिला रोगी हातचा गेला होता. दुसऱ्याच्या पेशी वाढल्याच नाहीत. प्रमुखांनी मग साफ सांगून टाकलं, "तिसऱ्यांदाही काही झालं नाही, तर ती खोली मी गाद्या ठेवायला देतो."

तिसरी होती एक टपालवाली. अठ्ठावीस वर्षांची, खणखणीत आवाजाची, घरी दोन वर्षांचा मुलगा. पाठीवरच्या तिळाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. तीन आठवडे तिच्या पेशी छान वाढल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चढवायच्या होत्या.

आणि ज्याच्या पेशी वाढल्या नाहीत तो दुसरा रोगी म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिंपी. साठीचे, काटकुळे, वॉर्डातही गळ्यात टेप अडकवून पडलेले. ऑपरेशननंतर पट्टी सोडली तेव्हा त्यांनी मान वाकडी करून स्वतःच्या पोटावरचे टाके तपासले होते.

"बाई, हात चांगला आहे तुमचा. पण शेवटाला घाई करता. शेवटचे चार टाके बघा, गिऱ्हाईक दुकानात उभं असल्यासारखे घातलेत."

बाई खळखळून हसल्या होत्या. आणि तेव्हापासून शेवटचे चार टाके त्या सावकाश घालू लागल्या होत्या. पेशी वाढल्या नाहीत हे मास्तरांना सांगायची वेळ आली तेव्हा बाई नुसती त्यांची पट्टी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिल्या. मास्तरच म्हणाले, "कापडच विरलेलं होतं, बाई. त्यात शिंप्याचा काय दोष?"

तर त्या दुपारी बाई खाली आल्या. लांबलचक बोळात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी खोलीचं कुलूप काढलं, आत जाऊन नेहमीप्रमाणे आतून कडी लावली, कारण पेशींच्या खोलीत बाहेरची धूळ नको. हात धुतले, गाऊन चढवला. उबवणी कपाटाची बारीक घरघर चालू होती. काचेआड चार पिशव्या ओळीनं निजलेल्या, आतला रस फिकट गुलाबी. बाईंनी बाहेरूनच नजर फिरवली, सगळं ठीक वाटलं, आणि त्या टेबलाशी बसून वहीत आकडे लिहू लागल्या. भिंतीवरच्या घड्याळात अडीच झाले होते.

तेव्हा तो वास आला. ओलसर कापडावरून गरम इस्त्री फिरवल्यावर येतो तसा. बाईंना वाटलं, वायर जळतेय की काय... त्यांनी मान वर केली.

दाराच्या आत मास्तर उभे होते.

हॉस्पिटलचे कपडे, गळ्यात टेप. चार दिवस अंथरुणावर उठून बसता येत नव्हतं त्या माणसाला, आणि आता ताठ उभा होता.

"मास्तर! तुम्ही खाली कसे आलात? सलाईन कोणी काढलं तुमचं?"

"आज बरं वाटतंय, बाई," मास्तर हळूच म्हणाले. "काहीच दुखत नाही."

"अहो, पण..."

"ती शेवटची पिशवी... भिंतीकडची. खालच्या बाजूला शिवण उसवतेय. बघून घ्या."

उबदार खोली, पण बाईंच्या गाऊनच्या आत सर्रकन काटा आला. त्या सर्जननं करावं तेच करायला उठल्या. कपाट उघडून भिंतीकडची पिशवी उजेडात धरली. खालच्या जोडावर मोहरीएवढा एक थेंब जमला होता. बाईंच्या डोळ्यांदेखत तो फुगला आणि बोटावर पडला.

रस अजून स्वच्छ होता. पण रात्रभर ती तशीच गळत राहिली असती, तर त्या फटीतून जंतू शिरले असते आणि सकाळी ते थेट टपालवालीच्या रक्तात गेले असते. तिच्या अंगात ते सोसण्याची ताकद नव्हती.

बाईंनी पुढचा दीड तास मान वर केली नाही. नवी पिशवी, नवी नळी, जंतुरहित हवेच्या कपाटात थेंब थेंब करून सगळा रस पलीकडे. थोडा रस काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नुसत्या गोल, टपोऱ्या, चकाकत्या पेशी, दुसरं काही नाही. सगळा वेळ पाठीमागे इस्त्रीचा तो वास होता, आणि कोणीतरी मन लावून बघतंय हेही जाणवत होतं. शेवटचा जोड बंद करताना बाईंचा हात घाईत आला, आणि मागून अगदी हलक्या आवाजात ऐकू आलं, "सावकाश..."

पिशवी कपाटात ठेवून त्या वळल्या.

"मास्तर, तुमचे उपकार..."

खोलीत कोणी नव्हतं. दाराची कडी आतून लागलेली होती, जशी त्यांनी लावली होती तशी.

तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डातल्या सिस्टर होत्या.

"बाई, दोन तास फोन लावतेय, नुसती खरखर येतेय. मास्तर गेले हो. दोन वाजता. झोपेतच."

बाई स्टुलावर बसल्या. भीती वाटली का? वाटली तर. पण त्या भीतीच्या तळाशी काहीतरी ऊबदार होतं, थंडीत कोणी अंगावर पांघरूण सरळ करून जावं तसं. त्यांनी ही गोष्ट फक्त नवऱ्याला सांगितली. त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "याचं गणित मला जमणार नाही. तू जेवून घे."

दुसऱ्या दिवशी पेशी चढल्या. दोन दिवस टपालवाली तापानं फणफणली, तिसऱ्या दिवशी तिनं जेवण बेचव आहे म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला, आणि चार महिन्यांनी तिच्या यकृतावर डाग उरला नाही. विभागप्रमुखांनी तिच्या स्कॅनचा फोटो तीनदा पाहिला. "गाद्यांचं मी दुसरीकडे बघतो," एवढंच म्हणाले.

पुढची सत्तावीस वर्षं बाईंच्या भाषेत सांगायचं तर पोटभर गेली. सगळेच वाचले नाहीत. बऱ्याच जणांचं कापड विरलेलंच निघालं. पण एका खोलीच्या सहा झाल्या. बाईंच्या हाताखालून तयार झालेले सर्जन गावोगाव पसरले, आणि शेवटचे चार टाके सावकाश घालायची सवय सगळ्यांना लागली. का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

निवृत्तीच्या समारंभाला टपालवाली आली होती. आता पंचावन्नची, केस पांढरे, आवाज तोच. सोबत तिचा उंचापुरा मुलगा. भाषणं झाली, हारतुरे झाले, नवऱ्यानं सगळे गुच्छ गाडीत नेऊन ठेवले. मुलगा गर्दीतून चहा आणायला गेला तेव्हा दोघी बाईंच्या खोलीत बसल्या. संध्याकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. बाईंना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. त्या भरात त्यांनी मास्तरांची ती गोष्ट सांगून टाकली.

टपालवाली हसली नाही. दचकलीही नाही.

"ते माझ्याकडेही आले होते," ती म्हणाली. "त्याच दुपारी."

"कधी?"

"तीनच्या सुमारास. टेपवाले आजोबा. वॉर्डातल्या माझ्या खोलीच्या दाराला आतून पाठ लावून खाली बसले, पाय रोवून. मी म्हटलं, आजोबा, काय करताय? तर म्हणाले, झोप पोरी. बाहेर एकजण उभा आहे. त्याला आत घ्यायचं नाही."

तीन वाजता मास्तर खाली होते. बाईंच्या पाठीमागे.

"आणि बाहेर... कोण होतं?"

"दिसलं नाही. दार मात्र ढकलत होता कोणीतरी. जोर करून नाही, सावकाश. चार वाजले तसं थांबलं. आजोबा पुन्हा कधी दिसले नाहीत." तिनं एकदा दाराकडे पाहिलं. "तो दुसरा मात्र येतो."

"म्हणजे?"

"दर वर्षी, त्याच तारखेला, दुपारी. आमच्या घराचं दार वाजवतो. मी उघडत नाही. मला काही करत नाही तो, बाई, म्हणून तर तुम्हाला कधी बोलले नाही. फक्त बाहेरून विचारतो. मी टपालवाली ना, मला सगळ्यांची घरं ठाऊक असणार..."

"काय विचारतो?"

"तुमचा पत्ता."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. नवऱ्याला भूक लागली असणार. बाईंना या स्थितीतही हसू आलं.

"मग काय सांगतेस तू?"

"सांगते, माहीत नाही. इतकी वर्षं तेच सांगितलं. मग तो जातो." टपालवालीनं बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "पण बाई, या वेळी मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला... असू दे. मिळाला."