सहावा मासा

खरं तर त्या घरी जायचं होतं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या दुसऱ्या मेकॅनिकला. त्याचा घसा बसला, म्हणून पिशवी उचलून ती निघाली. दार उघडणारा तरुण पुस्तकांची बांधणी करायचा. दोन्ही हात डिंकाने माखलेले होते.

"कडीला हात लावू नका," तो म्हणाला, "चिकटून बसाल."

नव्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीने न मागता भरलेले प्रोग्राम काढायचे, एवढंच काम होतं. अर्ध्या तासाचं ते काम तिने तीन संध्याकाळी पुरवलं. ती एकेक प्रोग्राम उडवायची आणि तो शेजारी बसून प्रत्येकाला निरोप द्यायचा.

"तुम्ही इतक्या निर्दयी दिसत नाही हो…"

"कामापुरतीच," ती म्हणायची, आणि कान उगाच गरम व्हायचे.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र काढण्यासारखं काही उरलंच नाही. पडद्यावर मासे पोहवणारं एक मत्स्यालय तेवढं होतं. 'खात्री आहे?' असं पडद्याने विचारलं. न वाचताच तिने 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याचा फोन आला. मासे त्याच्या आईचे होते. त्या रोज सकाळी त्यांना चारा घालायच्या, प्रत्येकाला नाव दिलेलं होतं. आता आईने त्याच्याशी अबोला धरला होता. त्या घरी तिला पुन्हा जायचं होतंच… पण असं?

तिने तडक जाऊन मासे परत आणले. आई निवृत्त मुख्याध्यापिका. खुर्चीत ताठ बसून बघत होत्या.

"एवढी हुशार तू. हे काढायचं नव्हतं, एवढं कळलं नाही?"

"कळलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "पण दुसरं काही उरलं नव्हतं… आणि मला अजून थोडं थांबायचं होतं."

आईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग चष्मा चढवून नावं सांगायला लागल्या. फुगलेली ती आत्याबाई, कोपऱ्यात दडणारे धाकटे दीर… सासरची पाच माणसं त्यांनी काचेत ठेवली होती. नव्या मत्स्यालयात मात्र एक मासा जास्त निघाला. सारखा काचेशी येणारा, लहानसा.

"याचं काय नाव?" तिने विचारलं.

मुलगा पुढे झाला. चिकट बोटाने त्याने एकेक अक्षर दाबलं – सूनबाई.

"म्हणजे… तुमची हरकत नसेल तर," तो पुटपुटला. "नाहीतर काढून टाकू."

'हेच नाव ठेवायचं, खात्री आहे?' पडद्याने विचारलं. या खेपेला तिने ते दोनदा वाचलं. मग माउसवरच्या त्याच्या हातावर हात ठेवून 'हो' दाबलं. हात चिकटलेच. सोडवायची घाई मात्र दोघांनाही नव्हती.