चुकांचं प्रकरण

“अहो, दांडा वर करून उचला! असा आडवा नेलात तर वाकेल तो...”

मी ओरडले ती मराठीतच. लखनौच्या मेडिकल कॉलेजजवळच्या एका दुकानात पेशंटचे पलंग, व्हीलचेअर, हवेच्या गाद्या भाड्यानं मिळतात. मी पलंग परत करायला गेले होते, आणि टेम्पोतून तो खाली उतरवेपर्यंत दुकानवाल्या चाचांनी दुसरं गिऱ्हाईक लावूनही टाकलं होतं. “यही ले जाइए भाईसाहब, अभी-अभी लौटा है. बढ़िया हालत में है.”

पलंगाचं एक टोक धरून उभा असलेला तो उंच माणूस दचकून माझ्याकडे वळला.

“तुम्ही मराठी?”

“हो. आणि तो पलंग माझ्या बाबांचा होता.”

“अच्छा! म्हणजे आता बाबा बरे...” माझ्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. “सॉरी. मला... सॉरी.”

“बावीस दिवस झाले,” मी म्हटलं.

ऑक्टोबरचं ऊन होतं, रस्त्यावर हॉर्नचा गदारोळ होता, आणि आम्ही दोघं एका लोखंडी पलंगाची दोन टोकं धरून उभे होतो. मग त्यानं अगदी हळू विचारलं, “आईला आणतोय उद्या हॉस्पिटलमधून. मांडीचं हाड मोडलंय, आता उठणार नाही म्हणतात. मला यातलं काहीच येत नाही. हा दांडा तरी कसा फिरवायचा, सांगाल?”

मी सांगितलं. डोक्याकडचा दांडा, पायाकडचा दांडा, गादीवर चादर किती ताणायची. तो लहान मुलासारखा मान डोलवत ऐकत होता. जाताना त्यानं माझा नंबर मागितला. अडलं तर विचारायला, म्हणाला. नाव यशोधन. अमौसी विमानतळावर रेडिओची यंत्रं सांभाळायचं त्याचं काम. जन्म लखनौचा, घर आशियाना कॉलनीत. मराठी बोलता बोलता तो कधी हिंदीत घसरायचा ते त्याचं त्यालाही कळायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दीडला, माझ्या लंच टाइमला, फोन आला.

“आईच्या टाचांखाली काय ठेवू?”

“टाचांखाली काहीच नाही. पोटऱ्यांखाली उशी. टाचा अधांतरी राहायला हव्यात.”

“आणि... तुम्ही जेवलात?”

“हा प्रश्नही पेशंटसाठीच आहे का?”

“नाही,” तो म्हणाला. “हा माझा आहे.”

हसायला आलं मला. मग स्वतःचाच राग आला. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

बाबा रेल्वेत इंजिनियर होते. चारबागला आयुष्य घालवलं, आणि निवृत्तीनंतर वर्ध्याला परतायचं म्हणता म्हणता आलमबागच्या घरातच अर्धांगानं पडले. आई आधीच गेलेली. मी हजरतगंजच्या बँकेत नोकरी करायचे आणि सकाळ-संध्याकाळ बाबांचं करायचे, दुपारी त्यांना भरवायलाही यायचे. एरवी दिवसभर रामरती असायची, आमची जुनी कामवाली. तीन वर्षं असं चाललं. त्या तीन वर्षांत मी एक कादंबरीही लिहिली.

पुण्याच्या दोन प्रकाशकांकडे ती पाठवली. एकानं उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यानं वर्षभरानं कळवलं, सध्या आमच्या योजनेत बसत नाही. मग मी स्वतःच छापायचं ठरवलं. इथल्याच एका प्रेसमध्ये. मराठी जुळवणारं तिथं कोणी नव्हतं, पण मला घाई होती. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रकाशन करायचं होतं. शेवटची प्रुफं मी पाहिलीच नाहीत. तीनशे प्रती हातात आल्या तेव्हा पुस्तकभर एकही ‘ळ’ नव्हता. जिथं जिथं ‘ळ’, तिथं तिथं ‘ल’. माझ्या नायिकेचे ‘डोले’ पाणावत होते आणि ‘आभाल’ भरून येत होतं. चाळीसएक प्रती नातेवाइकांनी नेल्या. उरलेल्या माझ्या पलंगाखाली.

हे मी यशोधनला सांगितलं ते थंडी सुरू झाल्यावर, त्याच्या घरी. तोवर माझं तिथं जाणं-येणं सुरू झालं होतं. त्यानं हट्टानं एक प्रत नेली, आणि आठवड्यानं लंच टाइमला फोन केला.

“वाचली. नायिकेचे डोले मला फार आवडले.”

“फोन ठेवते मी.”

“अरे सुनिए तो! तुमचेही तसेच आहेत, एवढंच म्हणत होतो.”

मी फोन ठेवला नाही.

पण त्याच्या घरात हसण्यासारखं फार काही नव्हतं. त्याची आई, वीणाकाकू, नाशिकच्या शाळेत मराठीच्या बाई होत्या. लग्नानंतर इकडे आल्या. आता नुसती हाडं उरल्यासारख्या दिसायच्या. दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या पाठीला जखम झाली. खोल, वास येणारी. यशोधननं मला बाहेरच्या खोलीत गाठलं.

“मी बघितलीच नाही पाठ. आई आहे ना... कपडे बाजूला करून बघायची लाज वाटली मला. नर्स आठवड्यातून दोनदा यायची, तिच्यावर सोडलं. माझी लाज, सुनीती. तिच्या पाठीला भोक पडलं.”

मी त्याला फक्त कूस कशी वळवायची, उजेडात रोज पाठ कशी बघायची ते दाखवलं. घरी जाऊन ते कागदावरही लिहून दिलं. मग आणखी एक कागद. मग आणखी.

“याचं पुस्तक करा,” तो एक दिवस म्हणाला. “माझ्यासारखे कितीतरी असतील. तुम्ही मराठीत लिहा, मी हिंदी करतो.”

“मी पुन्हा पुस्तक छापणार नाही.”

“यावेळी प्रुफं आई वाचेल. आहे काय काम तिला?”

आणि खरंच वाचली त्यांनी. पाठीमागे तीन उशा, हातात भिंग. एकेका ‘ळ’वर बोट ठेवून. कंटाळा यायचा नाही त्यांना. उलट त्या अर्ध्या तासात चेहऱ्यावर जुन्या बाई यायच्या. “हे वाक्य दोनदा का सांगितलंस? वाचणारा मूर्ख नसतो, थकलेला असतो,” असं फटकारायच्या. मी ते वाक्य काढायचे.

मार्चमध्ये पुस्तक निघालं. ‘बिछान्याजवळची वही’. मराठी आणि हिंदी, दोन्ही. मागणी येईल तेवढ्याच प्रती छापून पाठवणारी एक वेबसाइट होती, तिच्यावर टाकलं. मांडणी नीट, चित्रं नीट, एकही चूक नाही. तीन महिन्यांत सतरा प्रती गेल्या.

जूनमध्ये लू चालली होती. बँकेच्या दारातून बाहेर पडलं की तोंडावर भट्टीचं झाकण उघडल्यासारखं वाटायचं. यशोधन अमौसीहून मेट्रोनं आला होता. हजरतगंजच्या वऱ्हांड्यात सावलीला उभं राहून आम्ही लस्सी घेतली. मी रडकुंडीला आले होते.

“काय चुकलं सांगा ना. खरं खरं.”

“खरं सांगू? यात कोणीच चुकत नाही. पहिल्या पानापासून सगळं येणारी बाई बोलते. मला जर हे पुस्तक त्या दिवशी मिळालं असतं ना, जखम बघितली त्या दिवशी... मी भिंतीवर फेकलं असतं. वाटलं असतं, दुनियेत मीच एक नालायक.”

“मग काय लिहू? माझी फजिती?”

“तुम्ही कधीच चुकला नाहीत? तीन वर्षांत एकदाही?”

माझ्या हातातला ग्लास मी तिथल्या कठड्यावर ठेवला आणि निघाले. तो मागून हाका मारत होता... मी वळले नाही. पुढचे पाच आठवडे दीड वाजता फोन वाजला की मी तो पालथा घालून ठेवायचे.

मी चुकले होते. ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

जुलैच्या अखेरीस, एका रविवारी, वीणाकाकूंचाच निरोप आला. शेजारच्या बाईंच्या फोनवरून: “तो सांगत नाही, पण दोघंही सुकलात. ये.” मी गेले. पाऊस झोडपत होता, ओली छत्री दारात ठेवून आत शिरले. यशोधनला ड्यूटीवर जायचं होतं. घाईघाईनं तो आईला खिचडी भरवत होता. पलंग जवळजवळ सपाट होता.

“बसवा आधी!” मी किंचाळले. “बसवा त्यांना! उठवा!”

वाटी जमिनीवर सांडली. वीणाकाकूंना दचकून ठसका लागला. मी धावत जाऊन दांडा फिरवला, त्यांची मान पुढे घेतली, पाठ चोळली. ठसका थांबला तरी माझे हात थांबेनात.

“ये क्या तरीका है?” यशोधन भडकला. “पाच आठवडे फोन उचलत नाही, आणि येऊन माझ्या आईवर ओरडता?”

मग मी सांगितलं. त्याच्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून.

कादंबरीच्या प्रकाशनाला मी चार तास घराबाहेर होते. दुपारचं बाबांना नेहमी मीच येऊन भरवायचे, बँकेतून डबल स्पीडनं स्कूटर मारून. त्यांना गिळायला त्रास व्हायचा. सरळ बसवायचं, हनुवटी खाली, चमचा छोटा, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं... हे मला पाठ होतं. त्या दिवशी मी नवी साडी नेसत होते. रामरतीला म्हटलं, दलिया ठेवलाय, भरव. एवढंच. बाबा पेंगत होते म्हणून तिनं त्यांना न उठवता, प्रेमानं, झोपल्या झोपल्या भरवलं. दलिया फुफ्फुसात गेला. मी टाळ्या घेऊन घरी आले तेव्हा त्यांचा श्वास घरघरत होता. अकरा दिवसांनी गेले.

“रामरती एकच वाक्य बोलली,” मी म्हटलं. “‘आपने बताया नहीं था, बिटिया.’ तीनशे पानांची कादंबरी लिहिली मी. तिला सांगायच्या चार ओळी तेवढ्या राहिल्या.”

यशोधन उभ्या जागी खाली बसला होता. वाटलं, आता वीणाकाकू म्हणतील, तुझा काय दोष त्यात. सगळे तसंच म्हणाले असते, म्हणून तर मी कोणाला सांगत नव्हते.

त्यांनी माझं मनगट धरलं. “चुकलीसच तू,” त्या म्हणाल्या. “फार मोठी चूक. रडून घे. आणि झालं की पातेल्यात उरलेली खिचडी आण. तूच भरव मला.”

पहिला चमचा त्यांच्या हनुवटीला लागला. दुसरा नीट गेला. यशोधन ड्यूटीवर गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिला, आणि मी भांडं धुवायला निघाले तेव्हा वाटेतच ते माझ्या हातातून घेतलं. त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली.

पुस्तक मी पुन्हा लिहिलं. पहिलंच प्रकरण बाबांचं, सगळं, साडीसकट. दुसरं यशोधननं स्वतः लिहिलं, पाठीच्या जखमेचं, स्वतःच्या नावानं. प्रत्येक प्रकरण आधी चूक सांगायचं, मग उपाय. माझ्या प्रकरणाचं हिंदी करायला त्यानं पंधरा दिवस घेतले. मी विचारलं, इतके का, तर म्हणाला, “एका बैठकीत होत नव्हतं... बीच में उठना पड़ता था.”

सप्टेंबरमध्ये नवी आवृत्ती टाकली. आधी कानपूरच्या एका नर्सनं ती आपल्या ग्रुपवर पाठवली. मग कोणी फिजिओथेरपिस्टनं वीस प्रती मागवल्या. दिवाळीपर्यंत अकराशे गेल्या. लोक याला यश म्हणत होते. बँकेत पेढे वाटायला लावले. पण मला येणाऱ्या पत्रांत अभिनंदन क्वचितच असायचं. बाराबंकीहून एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘हमसे भी यही हुआ था, पत्नी के साथ. आज पहली बार किसी को बता रहा हूँ.’ अशी पत्रं रोज यायची. मी प्रत्येकाला उत्तर लिहायचे. काहींना लिहिताना यशोधनला शेजारी बसवून घ्यायचे.

जानेवारीत धुकं उतरलं. अमौसीला विमानं तासन्‌तास खोळंबायची, त्याच्या ड्यूट्या लांबायच्या. तरी एका रविवारी सकाळी तो घरीच होता. आईची पाठ पुसून झाली होती, कूस वळवून झाली होती, सरळ बसवून चहाही पाजून झाला होता. अर्धा तास झाल्यावर तो पलंग खाली करायला उठला, तेव्हा वीणाकाकू गेलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. काही त्रास झाला नसेल.

दिवसपाणी झालं. पाहुणे चारबाग स्टेशनवरून आपापल्या गाड्या धरून गेले. त्यानंतर तीन दिवस यशोधनचा फोन नाही. मीही केला नाही. घरात माणूस गेल्यावरची ती शांतता मला ठाऊक होती, तिच्यात एकदम घुसता येत नाही.

चौथ्या दिवशी बँकेतून जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले, तर तो समोर उभा. धुक्यात स्वेटरवर दवाचे बारीक थेंब, दाढी वाढलेली.

“मी सगळं बरोबर केलं,” तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. “सगळं. या वेळी एकही चूक नाही, सुनीती. मी शंभर वेळा आठवून बघितलं. तरी गेली. याचं प्रकरण तुमच्या पुस्तकात नाहीये.”

“नाही,” मी म्हटलं.

“मग मी आता काय करू?”

सव्वा वर्ष मी या माणसाला काय करायचं ते सांगत आले होते. किती वाजता, कोणत्या कुशीवर, किती चमचे. बँकेतले लोक येत-जात होते, काही ओळखीची गिऱ्हाइकं वळून बघत होती. मी त्याचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता.

“ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. “पण मी तुझ्याजवळ थांबू शकते.”

ते पहिलंच ‘तुझ्या’ त्याला ऐकू आलं. त्याचे डोळे भरले. आणि किती दिवसांनी तरी ओठांची एक कड हलली.

“किती वेळ?” त्यानं विचारलं. “लंच संपेपर्यंत?”

“नाही रे,” मी म्हटलं. “त्याच्यानंतरही...”

मी खिशातून फोन काढला आणि ब्रँच मॅनेजरना सांगितलं की आज दुपारी मी परत येणार नाही. मग आम्ही धुक्यातून मेट्रोच्या जिन्याकडे चालत निघालो, त्याच्या रिकाम्या घराकडे.